यंत्राने गिळलेला अर्धा तास

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या गंगाखेड रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. ट्रॅक्टरवाल्याच्या टेपचा आवाज एवढा असतो की ट्रॉली दिसायच्या आधी गाणं येऊन पोचतं, आणि ट्रॉली दिसेनाशी झाली तरी गाणं जायला तयार नसतं. आमच्या घरासमोर गतिरोधक आहे. त्यावर ट्रॉली आदळली की दोन-चार ऊस खाली पडतात, आणि समोरचे निवृत्त मुख्याध्यापक, जे गुडघ्यांच्या नावाखाली साधं दूध आणायला जात नाहीत, ते फाटक उघडून थेट रस्त्यावर असतात. मी गॅलरीतून बघते. त्यांनी वर पाहिलं की मी वाळत घातलेले कपडे उलटेपालटे करते. एवढा शेजारधर्म मला कळतो.

कच्च्या उसाचा तो हिरवट वास आला की लोकांना बालपण आठवतं, गुऱ्हाळ आठवतं, काकवी आठवते. मला मेकफाइल आठवते. मेकफाइल म्हणजे काय ते पुढे येईलच. घाबरायचं कारण नाही. सगळ्यांच्या वाटचं मी तेव्हाच घाबरून घेतलेलं आहे.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हिवाळ्यात मी गोदाकाठच्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात होते. संगणक विभाग म्हणजे मी. बाकी एक यंत्र, हिरव्या अक्षरांचे तीन पडदे (त्यातला एक फाटकावर, हजेरीसाठी), एक वातानुकूलक आणि दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी. माझी नेमणूक टेम्पररी होती, एका गळीत हंगामापुरती. यंत्र टिकलं तर मी टिकणार, असं एम.डी. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कारखान्यात सगळे मला कंपुटरबाई म्हणत. पुढे त्यातला कंपुटर गळाला आणि नुसती बाई राहिली.

यंत्राचं मात्र कौतुक फार. गळीत सुरू करायला मोळी टाकायच्या दिवशी चरकाची पूजा झाली, वजनकाट्याची झाली, बॉयलरची झाली, आणि मग सगळी मिरवणूक माझ्या खोलीत शिरली. मी म्हटलं, यंत्राच्या डब्याला हळदकुंकू लावा, हार घाला, पण कळफलकाला हात लावू नका. कुणी ऐकलं नाही. भटजींनी मूठभर अक्षता उधळल्या, त्या जिथं पडायच्या तिथं पडल्या. नारळ तेवढा मी बाहेर उंबऱ्यावर फोडायला लावला, आणि त्या एका विजयावर खूश होऊन गप्प बसले.

त्यानंतर खोलीत जी वर्दळ सुरू झाली ती हंगामभर हटली नाही. ऐन थंडीत, जेव्हा बाहेर उन्हात बसावंसं वाटतं, तेव्हा माणसं मफलर गुंडाळून गार खोलीत कुडकुडत उभी राहायची, का तर वातानुकूलक काय असतो ते बघायला. “बाई, हे हिवाळ्यात काऊन लावलाव?” “यंत्राला गरम होतं.” “आन तुमाला?” मला सर्दी होती. ती मार्चपर्यंत होती.

यंत्र युनिक्सवर चालायचं. आता युनिक्स म्हणजे काय हे मी तेव्हाही कुणाला नीट समजावू शकले नाही, त्यामुळे आता प्रयत्न करत नाही. एवढंच सांगते की त्यात एक मोठा सरदार नसतो. छोटे छोटे गडी असतात, आणि प्रत्येकाला एकच काम येतं. एक गडी याद्या दाखवतो, एक क्रम लावतो, एक ओळी मोजतो, एक तारीख आणि वेळ सांगतो. प्रत्येकाची काही ना काही खोड असते. आमचा क्रम लावणारा गडी रिकाम्या ओळी पाहिल्या की रुसून बसायचा. छपाईचा गडी प्रत्येक पानाच्या शेवटी एक कोरं पान सोडायचा, आणि ती कोरी पानं कँटीनमध्ये भजी बांधायला जायची. मला या खोडी मोडायला आवडायचं. अगदी मनापासून आवडायचं. एखादी चुकीची खूण सापडली, बदलली, आणि गडी सुतासारखा सरळ चालू लागला की मी खोलीतल्या खोलीत एक फेरी मारून यायची. बघायला कुणी नसलं तर दोन.

तारीख-वेळ सांगणाऱ्या गड्याची खोड मात्र अख्ख्या परिसराला भोवली.

झालं असं. यंत्र मनातल्या मनात विलायतेची वेळ धरून असतं आणि आपल्याला दाखवताना त्यात आपल्या देशाचा फरक मिळवतं. आपला फरक साडेपाच तासांचा. हे यंत्र ज्यांनी घडवलं त्यांच्या गावी साडेची भानगड नसावी. त्यांच्या गड्याला पूर्ण तासच कळायचे. साडेपाच लिहिलं की तो पाच वाचायचा आणि उरलेला अर्धा तास गिळून मोकळा व्हायचा. मी घड्याळ अर्धा तास पुढं सारून ठेवायची, पण टर्बाइन अडखळून वीज लपकली की यंत्र परत मूळपदावर. दिवसातून कितीदा लपकायची ते विचारू नका.

मी हे साहेबांना सांगायला जाणार, तेवढ्यात साहेबच माझ्याकडे आले. हातात यंत्राने छापलेले फाटकावरच्या हजेरीचे कागद. चेहरा लाल.

“बाई, या यंत्राने डोळे उघडले माझे. सगळा कारखाना अर्धा तास आधी घरी पळतो! बाराला पाळी सुटते, आणि हे बघा, साडेअकराला फाटकातून बाहेर!”

“साहेब, ती वेळ चुकीची आहे. यंत्र अर्धा तास मागे आहे. आणि बघा ना, पाळीवर येतानाही सगळे अर्धा तास आधी आलेले दिसतात.”

“येणारच. नंतर पळायचं असतं ना,” साहेब म्हणाले.

यावर बोलणार काय? मी तरी बोलले. आवाज चढवून बोलले, कागदावर आकृती काढून दाखवली. पण साहेबांनी यंत्राबद्दल संचालकांपुढे एवढं काही सांगून ठेवलं होतं, की यंत्र चुकीचं निघणं त्यांना परवडणारं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला: यापुढे कारखान्याचा भोंगा यंत्राच्या वेळेवर वाजेल.

भोंगा वाजवायचे ग्यानबामामा. बॉयलरपाशी साखळी ओढायचं काम. त्यांच्याकडे एक ट्रान्झिस्टर होता, आकाशवाणीवर वेळ सांगितली की ते साखळी ओढत. कधी जेवणात गुंतले तर चार घास उशिरा ओढत, पण त्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नव्हती. आता त्यांच्या शेजारी एक काळा फोन बसवला गेला, आणि त्याचं दुसरं टोक माझ्या टेबलावर.

“बाई, रेडिवोवर बातम्या लागून संपायला आल्यात. वडू का?”

“थांबा मामा. यंत्रात अजून वेळ आहे.”

“यंत्राला दिसत न्हाई का, सूर्व्या डोक्यावर आलाय?”

“त्याची खिडकी बंद असते मामा.”

“मंग त्याला भाईर आना की येकदा,” मामा म्हणायचे, आणि फोन ठेवायचे.

तुम्हाला वाटेल, भोंगा अर्धा तास उशिरा वाजला तर असं काय आभाळ कोसळतं? पण आजूबाजूची गावं भोंग्यावर चालायची. बाया भोंग्यावर भाकरी बांधायच्या, गडी भोंग्यावर औत सोडायचे, शाळेचा शिपाई भोंग्यावर मधल्या सुट्टीचा टोल द्यायचा. पहिल्या आठवड्यात दुपारची परभणी गाडी दोन गावांना मिळून चुकली. कंडक्टरने सांगितलं, तुमचा भोंगा तुमच्यापाशी, आमची गाडी डेपोच्या घड्याळावर. मग गावांनी स्वतःच तोड काढली. दोन वेळा सुरू झाल्या: एक रेडिओचा टाईम आणि एक बाईंचा टाईम. “लगीन कवाचं हाय?” “साडेधाचं.” “रेडिवोच्या का बाईंच्या?” माझ्या नावाने जगात चालू झालेली ही पहिली गोष्ट, आणि तीही चुकीची. म्हशींनी तेवढा बाईंचा टाईम शेवटपर्यंत मानला नाही. त्या आपल्या ठरल्या वेळी हंबरायच्या आणि दूध चोरायच्या.

गंमत इथवर होती. मग वाघमारे आले.

किसन वाघमारे चरक खात्यातले फिटर. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते चरकात सापडल्यासारखं सुटायचं नाही. भोंगा पहिल्यांदा उशिरा वाजला त्या दुपारी त्यांची टोळी पहिल्या पाळीवर होती. पहाटे रेडिओच्या टायमाने आत शिरलेली माणसं दुपारी बाईंच्या टायमाने सुटली. म्हणजे सगळ्या कारखान्याची वेळ सरकली, पण जास्तीचा अर्धा तास राबली ती एकटी ही टोळी. साहेबांच्या खोलीत बोलणं झालं तेव्हा यंत्रातर्फे म्हणून मलाही उभं केलं होतं.

“आमचा अर्धा तास गेलाय साहेब. तो परत पायजे.”

“ठीक आहे, ओव्हरटाइम लावतो.”

“पैसं नकोत. टाईम गेलाय, टाईमच द्या. गेला त्याच पाळीत, त्याच मान्सांना.”

“अहो वाघमारे, यंत्र तसं दाखवतं त्याला मी काय करू?”

“मंग यंत्र काडा. ग्यानबाच्या हाती रेडिवो द्या. भोंगा आपसूक मागं येतो, आन आमचा अर्धा तास बी.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वाघमाऱ्यांनीही पाहिलं. मला तो हिशोब एका क्षणात कळला, आणि वाईट म्हणजे तो बरोबर होता. शेवटी ठरलं ते असं: संक्रांतीनंतर ही टोळी परत पहिल्या पाळीवर येईल, त्या शनिवारी दुपारी भोंगा खऱ्या वेळेवर येणार, म्हणजे पहाटे बाईंच्या टायमाने आत शिरलेली टोळी अर्धा तास कमी राबून सुटणार. तोवर यंत्र सुधारलं तर यंत्राने वाजेल. नाहीतर यंत्र गोणपाटात गुंडाळून ट्रकमध्ये, आणि रेडिओने वाजेल. माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. पण यंत्राविना कंपुटरबाईची कुणाला गरज, हे न बोलताच ठरलं होतं.

परभणीला आमचे वडील, अण्णा, वाटच बघत होते. हिंगोलीचं एक स्थळ त्यांनी धरून ठेवलं होतं, पतपेढीत मॅनेजर, स्वतःची स्कूटर. “तुझा हंगाम एकदाचा होऊ दे,” असं ते दर रविवारी म्हणायचे, जसा काही तो गोवर आहे. स्थळात वाईट काही नसावं. पण मला ती गार खोली सोडायची नव्हती. सर्दीसकट नव्हती सोडायची. तिथं मी कुणाची मुलगी नव्हते, कुणाला दाखवायची नव्हते. तिथं एखादी गोष्ट मोडली की माझ्याकडे आणत आणि मी ती नीट करी. एवढंच होतं. पण मला एवढंच हवं होतं.

यंत्र विकणाऱ्यांना ट्रंककॉल लावला. तिकडचा इंजिनिअर फार गोड बोलला. पुढच्या आवृत्तीत नक्की दुरुस्त होईल, म्हणाला. पुढची आवृत्ती कधी, तर ते वरून ठरतं. “पण मॅडम, अर्धा तासच ना?” असंही म्हणाला. मी म्हटलं, इथं या आणि चरक खात्यासमोर हे बोला. फोन कट झाला. लाइनच गेली असावी, असं मी आजही मानते. मात्र यंत्राबरोबर आलेल्या फ्लॉपींत या छोट्या गड्यांच्या घडणीचा मूळ मजकूर होता. म्हणजे गडी कसा केला ते लिहिलेलं. आपल्याला हवं तर बदलावं आणि नव्याने घडवून घ्यावा. मी फ्लॉपी काढल्या, पदर खोचला आणि बसले.

साडेपाचातलं पाच वाचून थांबणारी ओळ मला पहिल्या दिवशीच सापडली. चार ओळी वाढवल्या की काम भागणार होतं. त्या आनंदात मी दोन फेऱ्या मारल्या. मग गडी घडवायला घेतला, आणि पडद्यावर चुकांचा पाऊस पडला. एक पान, दोन पानं, पडदा आपला वर सरकतोय. अशा वेळी नवखा माणूस शेवटची चूक वाचतो आणि रडतो. जाणता पहिली वाचतो आणि मग रडतो. पहिली चूक सांगत होती, अमुक फाइल सापडत नाही. फाइल तर समोर दिसत होती. बराच वेळ डोळे फोडल्यावर कळलं, की आमच्या यंत्राला लांब नावं पेलत नव्हती. मर्यादेपुढची अक्षरं ते सरळ छाटून टाकायचं. फाइल होती, पण तिचं नाव अर्धवट होतं, म्हणून तिला कुणी ओळखत नव्हतं.

त्या दिवशी वाघमारे आले ते पेढ्याचा पुडा घेऊन. नामांतर झालं होतं. नामविस्तार म्हणायचं की नामांतर यावर कँटीनमध्ये सकाळपासून वाद चालू होता, पण पेढे दोन्ही पक्षांनी खाल्ले होते. वाघमाऱ्यांनी चपला बाहेर काढल्या, पुडा टेबलावर ठेवला.

“तोंड गोड करा बाई. काय करायलात?”

“नाव बदलतेय. यंत्रानं मधेच तोडलंय, म्हणून ते कुणाला सापडत नाही. सगळीकडे एकच आखूड नाव करून टाकते.”

“किती येळ लागतो?”

“काही नाही. दोन अक्षरं, मग जुनं नाव, मग नवं नाव. हे बघा, झालं.”

ते पडद्याजवळ वाकले. “कुनाला इचारावं लागत न्हाई?”

“नाही.”

“आन कुनाचं घर जळत न्हाई?”

ते हसतच म्हणाले होते, पण म्हणून झाल्यावर हसत नव्हते. “थोरल्या भावाचं गेलं होतं, अठ्ठ्याहत्तरला, याच नावावरून,” ते म्हणाले. “त्यो वाचला म्हनून बरं. पेढे त्यानंच आनलेत.”   मी पेढा खाल्ला. थोड्या वेळाने ते दाराशी जाऊन चपला घालता घालता म्हणाले, “थांबायची आमाला सवय हाय बाई. पन कुनी आमच्या नावावर अर्धा तास गिळावा, ही सवय आता न्हाई लावून घेनार.” त्यांची आणि माझी बाजू एकमेकींच्या विरुद्ध होती, आणि मला ते खरे वाटत होते. अशा माणसाशी भांडता येत नाही, ही मोठीच अडचण.

मधल्या एका दुपारी मी शाळेतून जगाचा नकाशा मागवला. यंत्र सध्या कुणाच्या वेळेवर आहे, हे मला उगाच बघायचं होतं. पाच तासांच्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि उचललं. मग साहेबांकडे गेले. “साहेब, गेला महिनाभर आपला कारखाना पाकिस्तानच्या वेळेवर चालतोय.” साहेब उठले, दार लावलं, खिडकी लावली. “कुणाला बोललात?” “नाही.” “बोलू नका. संचालकांत आधीच दोन गट आहेत.” त्यानंतर मात्र ते यंत्राची कड घेताना आवाज जरा खाली ठेवू लागले.

नावं सुधारली तशा चुका कमी होत गेल्या. एकदा गडी घडलासुद्धा. पण तीस मिनिटं मिळवायच्या जागी वजा करायचा घोळ माझ्या हातून झाल्यामुळे तो तब्बल एक तास मागे जाऊन बसला. नशीब, मी तो बाजूला तपासत होते, भोंग्याला जोडला नव्हता. ते निस्तरलं. आता पुन्हा घडवायचं, एवढंच उरलं. आणि तिथं मेक आडवा आला.

मेक हा या गड्यांचा मुकादम. तो स्वतः काही करत नाही. आपण लिहून दिलेली मेकफाइल वाचतो आणि इतरांना कामाला लावतो. मी त्या फाइलीत हुकमाची एक ओळ वाढवली होती. मुकादम म्हणाला, या ओळीवर विभाजक पाहिजे. कसला विभाजक? वरची ओळ तशीच, खालची ओळ तशीच, मधली माझी तशीच. मी ओळ पुसून परत लिहिली. विभाजक पाहिजे. ओळ मोठ्याने वाचून दाखवली. विभाजक पाहिजे. मी यंत्राच्या डब्यावर एक चापट मारली, मग हळदकुंकवाच्या डागाकडे बघून नमस्कार केला. शुक्रवार उजाडला तरी विभाजक पाहिजेच होता. बाहेर ग्यानबामामा गोणपाटाचा गठ्ठा आणून ठेवताना मला काचेतून दिसले. “सायबांनी सांगितलं, बाई. आमी काय करावं,” ते म्हणाले, आणि नजर चुकवून निघून गेले.

मॅन्युअलचा तो ठोकळा मी पुन्हा उघडला आणि तळटीपा वाचायला घेतल्या. अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं: हुकमाची ओळ टॅबच्या, म्हणजे ओळ एकदम आत सरकवणाऱ्या, कळीनेच सुरू झाली पाहिजे, नुसत्या मोकळ्या जागा चालत नाहीत.  आमच्या कळफलकाची टॅबची कळ दाबली तरी काही व्हायचं नाही, आणि ते माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की मी मोकळ्या जागेची लांब कळ आठ-दहा वेळा दाबून तेवढीच जागा सोडायची. डोळ्याला फरक शून्य. न दिसणारी अक्षरं दाखवायची एक सोय असते, ती लावून पाहिली. वरच्या ओळीपुढे खूण, खालच्या ओळीपुढे खूण, आणि माझ्या ओळीपुढे शुद्ध पोकळी.

मी केसांतला आकडा काढला आणि टॅबची कळ उचकटली. खाली तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लाल झालेला, व्यवस्थित आडवा बसलेला. मोळीच्या दिवशी भटजींनी यंत्राला दीर्घायुष्य दिलं होतं, त्यातला हा एक दाणा दोन महिने यंत्राच्या मुळावर बसून होता. मी तो तळहातावर घेतला आणि एकटीच इतकी हसले, की वातानुकूलक बघायला आलेली दोन माणसं दारातूनच परत गेली. कळ बसवली. टॅब दाबला. ओळ सरकली. मुकादमाने निमूट वाचलं, गड्यांना हाक दिली, आणि पडद्यावर एकही चूक नाही. वेळ विचारली. माझं मनगटी घड्याळ, ग्यानबामामांचा ट्रान्झिस्टर आणि यंत्र, तिघांचं एकमत झालं.

आता माझ्या मोबाईलला कोणत्याही देशात नेलं तरी तो गुपचूप आपली वेळ बदलून घेतो, आणि मला त्याचा थोडा रागच येतो. त्याच्यात काही अडकत नाही, काही उचकटावं लागत नाही. चुका अजून असणारच, पण आता त्या कुठंतरी दूर बसून कुणीतरी काढतं आणि रात्रीतून नवी आवृत्ती येऊन पडते. आकड्याचं काम उरलेलं नाही. माझे केसही आता आकडा धरण्याएवढे राहिलेले नाहीत, ते सोडा.

शुक्रवारी संध्याकाळी कोतवालाने गावोगाव दवंडी दिली. आमच्या कॉलनीत आला तेव्हा मी ओट्यावर चहा घेत होते. “ऐका हो ऐका! उद्या दुपारपून कारखान्याचा भोंगा अर्धा तास आदी व्हईल हो! बाईंचा टाईम बंद झाला होऽ!” शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे बघून मुद्दाम दोनदा म्हटलं.

शनिवारी दुपारी साहेब माझ्या खुर्चीमागे उभे. बाहेर गोणपाट तसंच पडलेलं. मी जुना गडी बाजूला ठेवला, नवा त्याच्या जागी बसवला, आणि वेळ विचारली. हिरवे आकडे बाराला टेकत होते. फोन उचलला.

“मामा, वाजवा.”

“कंच्या टायमानं, बाई?”

“आता एकच आहे.”

ग्यानबामामांनी साखळी अशी ओढली की सोडायलाच तयार नाहीत. भोंगा वाजत राहिला, काचा थरथरत राहिल्या. साहेबांनी घड्याळ कानाला लावलं, का ते त्यांनाच माहीत, आणि म्हणाले, “राहू द्या यंत्र. तुम्ही पुढच्या हंगामालाही या.” मी मान हलवली. डोळे भरून आले होते, पण सर्दी होतीच. तिच्यावर ढकलून दिलं.

चरक खात्याची टोळी बाहेर आली. मला वाटलं, आता सायकली काढतील आणि घरी जातील. ती सगळी माणसं सरळ कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली आली आणि मांडी घालून बसली. कुणी शेंगा सोलायला घेतल्या, कुणी बिडी पेटवली, एकाने तोंडावर दस्ती टाकली आणि आडवा झाला. साहेब खिडकीशी गेले.

“काय रे, घरी का जात नाही? सुटलात ना?”

“घरी गेल्यावर बायको सरपन फोडायला लावती साहेब,” वाघमारे म्हणाले. “मंग त्यो कामातच जाईल. हा अर्धा तास कामाचा न्हाई. आमी हितंच बसून घालवनार, तुमच्या डोळ्यासमोर.”

 साहेब खुर्चीवर जाऊन बसले, पण सारखे मान वर करून खिडकीबाहेर बघत होते. बाहेर पुढच्या पाळीचा चरक घरघरत होता, मळीचा आंबट-गोड वास पसरला होता, ऊन छान पडलं होतं. ती माणसं काही खास करत नव्हती. उगाच बोलत होती, उगाच गप्प राहत होती. मी वातानुकूलक बंद केला, खिडकी उघडली आणि हंगामात पहिल्यांदा बाहेरचा वारा आत घेतला.

बऱ्याच वेळाने वाघमारे उठले, कपडे झटकत माझ्या खिडकीपाशी आले. मनगटावर घड्याळ होतं, पण त्यांनी ते पाहिलं नाही. त्यांनी आत, यंत्राकडे पाहिलं.

“बाई, बगा बरं. सरला का आमचा अर्धा तास?”

मी पडद्याकडे वळले. हिरवे आकडे अगदी बरोबर वेळ दाखवत होते, आणि अर्धा तास होऊन गेला होता.

“नाही अजून,” मी म्हटलं. “थोडा शिल्लक आहे.”

“बसा रे,” वाघमारे मागे वळून म्हणाले, “टाईम हाय अजून,” आणि उठू लागलेली माणसं परत खाली बसली.